पंजाबची पंगत

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज कापसावर बोला असे सांगितले असते तर सोपे होते. शेतकी कॉलेजात शिकलेला माणूस बोंडअळीवर कितीही वेळ बोलू शकतो, आणि तुम्हीही सवयीने ऐकून घेता. पण कार्यकर्ते म्हणाले, "तुम्ही पंजाबात जाऊन आलात, तिथले सांगा." मी विचारले, "काय सांगू? गव्हाचा उतारा सांगू की पाण्याची पातळी सांगू?" ते म्हणाले, "ते मागल्या मेळाव्यात झाले. तिथली माणसे कशी आहेत ते सांगा."

तेव्हा आज माणसांचे सांगतो. आकडे थोडे येतील, ते सोसून घ्या. खोड जुनी आहे.

सुरुवात पंजाबपासून नाही, आपल्या परभणी स्टेशनापासून करतो. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस तुम्ही पाहिली आहे. सन २००३ च्या जानेवारीत मी आणि माझे दोन मित्र त्या गाडीत बसलो. आम्ही परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकत होतो आणि लुधियानाचे विद्यापीठ पाहायला निघालो होतो. घरून बांधून दिलेल्या भाकरी पहिल्याच दिवशी संपल्या. पुढे एका स्टेशनावर गाडी थांबली आणि डब्यात एकदम गडबड उडाली. जो तो पिशवीतून ताट, वाटी, डबा काढू लागला. आम्हाला वाटले, पाणी आले. बघतो तर फलाटावर माणसे बादल्या घेऊन उभी होती. बादलीत कढी होती, भात होता, बटाट्याची भाजी होती. खिडकीखिडकीशी येऊन वाढत होते.

मी खिशात हात घातला आणि विचारले, "किती?" वाढणारा तरुण पोरगा हसला. म्हणाला, "पैसे ठेवा, भांडे काढा." आता भांडे कुठून काढायचे? आमच्याकडे पैसे होते थोडे, भांडे एकही नव्हते. समोर बसलेल्या म्हाताऱ्या सरदारजींनी आपल्या डब्याचे झाकण माझ्या हातात दिले. त्या झाकणात मी कढीभात खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा असे झाले की पैसे दाखवून मी लाजलो.

त्या सरदारजींना मी विचारले, "हे कोण देते?" ते म्हणाले, "संगत देते." मला वाटले, संगत नावाची कुठली संस्था असेल. पुढे कळले की संगत म्हणजे जमलेली माणसे. म्हणजे मीही.

न विचारता वाढलेले ताट

लुधियानाहून आम्ही भटिंड्याकडे गेलो. हा भाग म्हणजे पंजाबचा माळवा, आणि माळव्याचा दक्षिणेकडचा पट्टा म्हणजे कापसाचा मुलूख. भटिंडा, मानसा, फाजिल्का या भागांत कापूस होतो. अमेरिकन कापसाला ते लोक नरमा म्हणतात. आपण ऐकून असतो की पंजाब म्हणजे गहू आणि भात. पण तिथेही कापूसवाला आहे आणि तिथल्या कापूसवाल्याचेही पाय आपल्यासारखेच भेगाळलेले आहेत.

मानसा भागात एका गावाहून परतताना आमची शेवटची बस चुकली. धुके इतके दाट होते की हातभर पुढचे दिसेना. गावात लोक बसतात त्या जागेला सथ म्हणतात. आपला पार म्हणा. तिथे चार म्हातारे शेकत बसले होते. आम्ही विचारले, "इथे मुक्कामाची सोय कुठे होईल?" त्यांतले एक उठले, म्हणाले "चला," आणि चालू लागले. नाव नाही, गाव नाही, जात नाही, चला. ते आम्हाला आपल्या घरी घेऊन गेले.

घरात त्यांची आई होती. तिकडे आजीला बेबे म्हणतात, ती साऱ्या घराची बेबे. तिने आम्हाला काही विचारले नाही. आपल्याकडे एक गमतीचा प्रश्न आहे ना, "जेवून आलात की जाऊन जेवणार?" तसा प्रश्न त्या घरात कोणाला समजलाही नसता. तिथे जेवणार का हे विचारत नाहीत. किती जेवणार हेही विचारत नाहीत. ते त्यांनी ठरवलेले असते. आधी गूळ घातलेले गरम दूध आले, आपल्या तांब्याएवढ्या पेल्यात. मग मक्याची रोटी, मोहरीच्या पाल्याचा साग, त्यावर लोण्याचा गोळा. पोट भरले म्हणून मी ताटावर हात आडवा धरला, तर बेबेने हाताच्या कडेने रोटी ताटात सरकवली. म्हणाली, "शेतकऱ्याचा मुलगा ना तू? मग एवढ्यात कसे भागेल?"

आता माझ्यातला शेतकी पदवीधर जागा झाला. मी त्या ताटाचा हिशेब केला. मका खरिपातला, घरचा. मोहरीचा पाला गव्हाच्या कडेला लावलेल्या ओळींतला, त्याच दिवशी खुडलेला. लोणी दारातल्या म्हशीचे. मीठमसाला सोडला तर त्या ताटात विकतचे काही नव्हते. तीन अनोळखी पोरांना पोटभर खाऊ घातले आणि त्या घराचे रोख पैसे जवळजवळ खर्च झाले नाहीत. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही रीत आली कुठून

मी त्या वेळी मनात म्हटले, यांची जमीन पाण्याखालची, यांना काय जाते खाऊ घालायला. तुमच्याही मनात हेच आले असेल. पोट भरलेला माणूस उदार असतोच, असे आपल्याला वाटते. हे खरे नाही, हे मला फार उशिरा कळले.

कालव्याचे आणि बोअरचे पाणी पंजाबात पसरले ते अलीकडे, शेदीडशे वर्षांत. पंगत त्याच्याआधीची आहे. सुफी फकिरांच्या ठिकाणी येईल त्याला जेवण देण्याची चाल होती. गुरू नानकांनी (१४६९ ते १५३९) तिला नवे वळण दिले. चारी दिशांना फिरून आल्यावर ते रावीच्या काठी करतारपूरला राहिले आणि तिथे त्यांनी शेती केली. हे मुद्दाम सांगतो. ज्या माणसाला लाखो लोक गुरू मानतात त्याने आयुष्याची शेवटची वर्षे शेतात काम करून काढली. त्यांची शिकवण सांगताना तिकडे तीन गोष्टी सांगतात. नाम घ्या, कष्टाचे खा, आणि वाटून खा. लंगर म्हणजे त्यातली तिसरी गोष्ट.

दुसरे गुरू अंगद. त्यांच्या पत्नी माता खीवी लंगर सांभाळत. गुरू ग्रंथसाहिबात त्यांचे नाव घेऊन गौरव केला आहे, आणि त्यांच्या लंगरातल्या तुपाच्या खिरीचाही उल्लेख आहे. मायबहिणींनो, चूल सांभाळणाऱ्या बाईचे नाव धर्मग्रंथात येते ही साधी गोष्ट नाही. तिसरे गुरू अमरदास. त्यांनी नियम घातला, आधी पंगतीत बसा, मग भेटीला या. परंपरा सांगते की बादशहा अकबर आला तेव्हा तोही आधी जमिनीवर पंगतीत बसला.

हे सगळे चालते कशावर? मिळकतीचा दहावा हिस्सा काढून ठेवायचा, त्याला दसवंध म्हणतात. आणि ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याने हात द्यायचे. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात रोज पन्नास हजारांच्या वर माणसे जेवतात, सणाच्या दिवशी लाखाच्या घरात जातात. तिथे मी खरकटी भांडी धुण्याच्या जागी उभा राहिलो होतो. माझ्या एका बाजूला रिक्षावाला होता आणि दुसऱ्या बाजूला परदेशातून आलेला, हातात सोन्याचे कडे घातलेला माणूस. दोघांच्याही हातात राख आणि ताट. ज्याने पोतेभर गहू दिला आणि ज्याने घंटाभर भांडी घासली, त्यांच्यात वरखाली कोणी नाही. देणाऱ्याचा फलक नाही, अध्यक्षांचा सत्कार नाही.

तिथे रोटीला परशादा म्हणतात. ती वाढतात तेव्हा दोन्ही हात पुढे करून घ्यायची, एका हाताने नाही. मला आधी वाटले हे मागणे झाले. मग पाहिले, वाढणाराही वाकून दोन्ही हातांनी देतो. दोघेही वाकलेले. मग लाजायचे कोणी?

आणि एक सांगतो. त्या ग्रंथसाहिबात पाकपट्टणच्या बाबा फरीदांची वचने आहेत, कबीर आणि रविदास आहेत, आणि आपल्या नामदेवांची ६१ पदे आहेत. नामदेव महाराज पंजाबात घुमानला राहिले, तिथे त्यांचे स्थान आहे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन तिथेच भरले. आणि गुरू गोविंदसिंगांचा अखेरचा मुक्काम आपल्या नांदेडला, १७०८ साली. पंजाबला देणे आणि पंजाबकडून घेणे आपल्याला नवीन नाही.

हरभऱ्याला बदाम म्हणणारी माणसे

आता त्यांच्या उत्साहाकडे येतो. पंजाबी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भांगडा येतो. सिनेमावाल्यांनी असे दाखवले की ही माणसे जन्मापासून नाचतच आहेत, त्यांना दुसरा उद्योग नाही. पण त्यांचा इतिहास उघडून बघा. अठराव्या शतकात जंगलात लपून राहण्याचे दिवस. १९१९ साली ऐन बैसाखीच्या दिवशी जालियनवाला बाग. १९४७ ला फाळणी, लाखो माणसे घरदार, उभी पिके टाकून इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. मग १९८० नंतरची ती काळी वर्षे, १९८४ चे हत्याकांड. आपल्याकडे अवर्षण येते, त्यांच्याकडे तलवार आणि बंदूक आली. आणि तरी माणसे हसतात. हे कसे?

त्यांच्याकडे एक शब्द आहे, चढदी कला. चढती कळा म्हणा. मनाची उभारी. आणि ही उभारी सगळे बरे चालले असताना आपोआप येणारी नाही. रोजच्या प्रार्थनेच्या शेवटी ती मागायची असते आणि तिच्याबरोबर सगळ्यांचे भले मागायचे असते. आपण रोज दात घासतो तशी ती रोज घासून लख्ख ठेवायची वस्तू आहे.

जंगलातल्या त्या दिवसांत निहंगांनी आपली एक बोली केली. खायला मूठभर भाजके हरभरे असत, त्यांना ते बदाम म्हणू लागले. कांद्याला रुपा म्हणजे चांदी. आणि एकच माणूस येत असेल तर सांगायचे, सवा लाख आले. ही बोली अजून ऐकायला मिळते. ज्याच्या फडक्यात चार हरभरे आहेत तो दुसऱ्याला म्हणतो, "बस, बदाम खा." भावांनो, हसू येते खरे. पण हरभरा आहे म्हणून पाहुण्याला मागच्या मागे वाटेला लावणे आणि हरभऱ्याला बदाम म्हणून त्याला बसवून घेणे, यात काय फरक आहे याचा विचार करा.

दुसरे उदाहरण. पाचवे गुरू अर्जुनदेव यांना १६०६ साली लाहोरात हाल करून मारले. तापल्या तव्यावर बसवले, अंगावर तापली वाळू ओतली असे सांगतात. त्यांची पुण्यतिथी मे-जूनच्या उन्हात येते. त्या दिवशी पंजाबी माणूस काय करतो? रस्त्यावर पिंप मांडतो, त्यात दूध, पाणी, साखर, गुलाबाचे सरबत, बर्फ घालतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून गार पाणी पाजतो. याला छबील म्हणतात. ट्रक थांबवतात, एस.टी. थांबवतात, हात जोडतात, प्या म्हणतात. समोरचा कोण, हे विचारत नाहीत. आपल्या माणसाला आगीने मारले, म्हणून आपण जगाला गार पाणी पाजायचे. याहून मोठे उत्तर मी पाहिलेले नाही.

बायकांचे सांगितले नाही तर बहिणी मला सोडणार नाहीत. तिकडे बायका गोल करून टाळ्यांवर गाणी म्हणतात आणि नाचतात, त्याला गिद्दा म्हणतात. मला वाटले देवाची गाणी असतील. एकाने अर्थ सांगितला तेव्हा कळले, सासूची तक्रार, नवऱ्याच्या दारूची तक्रार, दिराची टिंगल, सगळे त्यात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांत जे होते तेच. फरक एवढा की जाते गेले आणि आपल्या ओव्या थांबल्या. त्यांचा गिद्दा जात्याला बांधलेला नव्हता, तो राहिला. दुःख चारचौघींत टाळी वाजवून सांगितले की त्याचे ओझे वाटले जाते.

टिकरीची लोहडी

२००३ नंतर त्या घराशी माझा संबंध राहिला. आधी पत्रे, मग फोन. २०२० च्या डिसेंबरात त्या घरातल्या मुलाचा फोन आला. आता तोही माझ्यासारखा चाळिशीला टेकलेला. म्हणाला, "आम्ही दिल्लीच्या वेशीवर टिकरीला बसलो आहोत. ये."

त्या तीन कायद्यांबद्दल आपल्या सभेत दोन मते होती, अजूनही असतील. तो वाद आज काढत नाही. २६ नोव्हेंबर २०२० ला दिल्लीकडे निघालेली ती माणसे ११ डिसेंबर २०२१ ला परतू लागली. वर्षावर पंधरा दिवस. एवढे दिवस रस्त्यावर राहायचे तर खायचे काय, हे मला बघायचे होते.

मी १३ जानेवारीला पोचलो. त्या दिवशी लोहडी होती. आपल्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी ती येते. शेकोटी पेटवायची, तीळ, गूळ, रेवड्या, शेंगा आणि मक्याच्या लाह्या आगीला वाहायच्या आणि सगळ्यांना वाटायच्या. पोरे दारोदार दुल्ला भट्टीची गाणी म्हणतात. हा अकबराच्या काळातला बंडखोर, पळवलेल्या पोरींना सोडवून त्यांची लग्ने लावून देणारा. रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागली होती. शेवट दिसत नव्हता. प्रत्येक ट्रॉलीवर ताडपत्री, आत गव्हाचे काड अंथरलेले, बाजूला चूल. हरियाणाच्या गावांतून दूध आणि भाजी येत होती. जवळच्या झोपडपट्टीतली पोरे ताट घेऊन पंगतीत बसत, त्यांना कोणी हाकलत नव्हते. बंदोबस्ताचा पोलीसही येऊन चहा पीत होता. ज्याच्याशी सकाळी भांडायचे त्याला रात्री चहा द्यायचा. मी एकाला विचारले, "यालाही?" तो म्हणाला, "त्यालाही थंडी वाजते."

हा सारा आनंदीआनंद होता असे समजू नका. थंडीने, आजाराने, अपघाताने त्या वर्षभरात सातशेवर माणसे गेली असे तिथल्या संघटना सांगतात. ज्या ट्रॉलीत मी झोपलो तिच्यातला एक म्हातारा आठ दिवसांपूर्वीच गेला होता. त्याची जागा तशीच होती. "तू तिथे झोप," मला म्हणाले. "पाहुणा आला म्हणजे जागा रिकामी राहिली नाही." लोहडीच्या शेकोटीत त्याच्या नावाचीही मूठभर रेवडी टाकली आणि मग ढोल वाजला. नाचणाऱ्यांत त्याचा भाऊही होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होते आणि हात वर होते. त्या दिवशी मला चढदी कला या शब्दाचा अर्थ कळला.

अळीने चूल खाल्ली नाही

२०२१ च्या हंगामात भटिंडा आणि मानसा भागात गुलाबी बोंडअळी पडली. आपण २०१७ ला जे पाहिले तेच. त्याआधी २०१५ ला पांढऱ्या माशीने तिथला नरमा बुडवला होता. २०२२ च्या जानेवारीत मी मानसाला त्या घरी गेलो. बेबे नव्वदीकडे गेलेली, नजर अधू. कापूस गेलेला, काही जमीन ठेक्याची होती तिचा ठेका अंगावर. मी दारातच म्हणालो, "बेबे, काही करू नका, मी जेवून आलोय." खोटे बोललो.

तिने माझा हात धरून खाटेवर बसवले. म्हणाली, "अळीने नरमा खाल्ला बेटा, चूल नाही खाल्ली." आणि तेच ताट आले. तीच मक्याची रोटी, तोच साग. त्या वर्षी लोणी कमी होते, एवढाच फरक. एक म्हैस विकली होती.

रात्री तिचा नातू, माझा टिकरीचा मित्र, हिशेबाची वही घेऊन बसला. आपण शेतकरी एकमेकांना वह्या दाखवतो, बाकी कोणाला नाही. अळीचे नुकसान एका पानावर होते. मी म्हटले, "हे दोन हंगामांत भरून निघेल." त्याने पान उलटले. "हे निघणार नाही." त्या पानावर बहिणीचे लग्न होते. मॅरेज पॅलेसमध्ये केलेले. पंजाबच्या रस्त्यांना हे पॅलेस ठायी ठायी दिसतात. रोषणाई, डी.जे., दारू, पन्नास पदार्थ. मी विचारले, "कशासाठी?" तो म्हणाला, "लोक काय म्हणतील."

भावांनो, एका घरात मी दोन पाहुणचार पाहिले. बेबेच्या चुलीचा आणि नातवाच्या पॅलेसचा. पहिल्यात विकतचे काही नव्हते, हिशेब मघाशी सांगितला आहे. तो शंभर वर्षे चालला आणि घर बुडाले नाही. दुसरा एक रात्र चालला आणि घर खाली बसले. पहिल्यात समोरच्याची भूक मोजली जाते, दुसऱ्यात आपली पत. पाहुणचाराने शेतकरी बुडत नाही, देखाव्याने बुडतो. आणि त्या रात्री मी हेही पाहिले की ज्या हिशेबाने त्याची झोप गेली होती, तो पाहुण्याला दाखवून झाल्यावर तो झोपला.

पंजाब म्हणजे स्वर्ग आहे असे मी सांगत नाही. तिथेही कर्जाने आत्महत्या होतात, नशेने पोरे गेली, जमिनीतले पाणी खोल गेले. २०११ च्या जनगणनेत तिथे दर शंभरात बत्तीसच्या आसपास माणसे दलित होती, इतके प्रमाण दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. आणि गुरूंनी एक पंगत सांगितली असताना कित्येक गावांत जातीजातींचे गुरुद्वारे वेगळे आहेत. तिथल्याच विचारी माणसांनी मला हे सांगितले, मान खाली घालून. पंगत एकदा मांडली की झाले असे नसते. ती रोज मांडावी लागते.

आपल्या आगटीचे काय झाले

आता माझ्या घरचे सांगतो. नापिकीच्या एका वर्षी दारात पाहुणा दिसला की माझी आई मागच्या दाराने शेजारी साखर मागायला जायची. वडील शेतातच बसून राहायचे, पाहुणा गेल्याचे कळेपर्यंत. वडील कंजूष नव्हते. घरात द्यायला काही नाही याची त्यांना लाज वाटे. हळूहळू त्यांनी लोकांत जाणे सोडले. ज्याच्याकडे आपण जेवतो त्याला जेवू घालावे लागेल, म्हणून कोणाकडे जेवायचे नाही. ज्याच्याकडे जातो तो परत येईल, म्हणून कोणाकडे जायचे नाही. दुष्काळाने पीक नेले ते नेलेच, जाताना माणसेही नेली. आपल्यातली किती माणसे अशी एकटी पडून गेली, ती नावे या सभेत प्रत्येकाला ठाऊक आहेत. मी घेत नाही.

आणि आपण मुळात असे होतो का? लातूर-धाराशिवकडची येळवस आठवा. त्या दिवशी वाटेने जाणारा अनोळखी माणूसही शेतात बोलावून जेवू घालतात. वारीच्या वाटेवर दिंडीला भाकरी देणाऱ्या गावांत सगळीच गावे बागायती नाहीत. आणि आपला हुरडा! ज्वारी हुरड्यात आली की शेतात आगटी पेटायची. वाटेने जाणाऱ्याला हाक जायची, "या हो, दोन मुठी खाऊन जा." कणीस आपले, गोवऱ्या आपल्या, चटणी घरची. दिवस तेच, लोहडीचे. पंजाबात शेकोटी पेटते त्याच पंधरवड्यात आपली आगटी पेटते. आज हुरडा शहरवाल्याला तिकीट लावून विकतात. विकावा, चार पैसे येतात, माझी हरकत नाही. पण शेजाऱ्याला मारायची हाक का बंद झाली? ज्वारी कमी झाली हे एक कारण, सोयाबीनचा काही हुरडा होत नाही. पण खरे कारण हे की पाहुण्याला ज्वारी-चटणी देण्याची आपल्याला लाज वाटू लागली. त्याच्यापुढे फरसाण आणि थंड्या पेयाची बाटली ठेवायला पाहिजे असे वाटू लागले, आणि ती नसली की दार लोटून घ्यावेसे वाटू लागले. घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे, ही म्हण आपण तोंडपाठ केली. हरभऱ्याला बदाम म्हणायला आपण शिकलो नाही.

म्हणून एक काम सांगतो आणि थांबतो. आज या मेळाव्याचे जेवण आचाऱ्याला सांगून केले आहे. वर्गणीतले बरेच पैसे त्यात गेले, मी हिशेब पाहिला आहे. पुढचा मेळावा हुरड्याच्या दिवसांत आहे. त्या वेळी आचारी नको. प्रत्येक गावाने घरागणिक दोन भाकरी आणि कोरडी चटणी आणावी. ज्याच्या घरी ज्वारी नाही त्याने जळण आणावे. ज्याच्याकडे जळणही नाही त्याने नुसते हात आणावेत, पाणी भरायला, भांडी घासायला. सगळ्यांनी एका ओळीत जमिनीवर बसायचे, आणि व्यासपीठावर बसणाऱ्यांनी, माझ्यासकट, वाढायचे. पुरुषांनीही भांडी घासायची. मायबहिणींनो, त्या दिवशी तुम्ही पहिल्या पंगतीला बसायचे.

आणि एक. येताना आपल्या गावातला असा एक माणूस बरोबर आणा, जो वर्षभर कुठे गेला नाही, ज्याच्याकडे कोणी गेले नाही. तो म्हणेल, "माझ्याकडे आणायला काही नाही." त्याला सांगा, तेच घेऊन ये. तो आला की आपण म्हणू, सवा लाख आले.